तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र: मराठवाड्यात राहून तिन्ही एकत्र कसं शिकायचं

बी.ए.ला प्रवेश घेतला त्या दिवशी काका म्हणाले होते, "पोरी, तीन-तीन विषय घेऊन काय करायलीस? एकाचं तरी धड शीक." काका अंबाजोगाईच्या मोंढ्यात आडतीवर मुनीम होते. एका माणसानं एकच वही लिहावी पण नीट लिहावी, हा त्यांचा कायदा. आता मी स्वतः तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. दर जूनमध्ये दोन-तीन मुलं मोबाइल पुढं करून विचारतात, "मॅडम, हे पीपीई म्हणतात ते आपल्याकडं कुठं मिळतं?" करोनातल्या किटशी याचा संबंध नाही. फिलॉसफी, पॉलिटिक्स आणि इकॉनॉमिक्स या तीन विषयांच्या एकत्रित पदवीचं ते लघुनाव.

उत्तर सरळ आहे. त्या नावाची पदवी आपल्याकडच्या कॉलेजात शोधत बसू नका. पण ती जमवता येते, आणि पुण्याला जाऊन रूम घेण्याआधी जमवता येते. कशी, ते सांगते.

आधी ही भानगड काय आहे

ऑक्सफर्डनं हा अभ्यासक्रम 1920 च्या सुमारास सुरू केला. तोपर्यंत तिथल्या मानाच्या पदवीसाठी ग्रीक आणि लॅटिन यावं लागे. नव्या काळात कारभार चालवणाऱ्यांना त्याऐवजी आजचं राज्य, आजचा बाजार आणि त्यामागचा विचार कळावा, अशी ही सोय होती. तिथून पुढं डेव्हिड कॅमेरून, ऋषी सुनक, बेनझीर भुट्टो, इम्रान खान अशी बरीच मंडळी हेच शिकून बाहेर पडली. त्यावरून अभ्यासक्रम चांगला की वाईट, ते तुम्हीच ठरवा. आपल्या कामाची बाब वेगळी आहे. ऑक्सफर्डमध्येही तिन्ही विषय सक्तीचे असतात ते पहिल्या वर्षी, पुढं एक सोडून दोनच ठेवता येतात. म्हणजे तीन विषय तीन वर्षं सारख्या वजनानं पेलले पाहिजेत, हा हट्ट तिथंही नाही. भारतात अशोका विद्यापीठात या तिन्हींचा एकत्रित मेजर, म्हणजे मुख्य विषय आहे, पण तिथली फी ऐकून घरचे गप्प होतात. आर्थिक मदतीची सोय आहे, ती आधी वाचून मग ठरवा.

आपल्याला उदाहरणासाठी इतकं लांब जायची गरजही नाही. डॉ. आंबेडकर कोलंबियात शिकले तेव्हा अर्थशास्त्रात त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन होते आणि तत्त्वज्ञानात जॉन ड्यूई. 1918 साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. तुकडे जोडून प्रश्न सुटणार नाही, शेतीवर साचलेली जादा माणसं उद्योगात जायला हवीत, असं त्यात मांडलं आहे. महाराष्ट्र शासनानं छापलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात तो सापडतो. इंग्रजी अवघड वाटलं तरी वाचा. चार भावांत सात एकर वाटलेल्या घरातल्या पोराला तो परका वाटत नाही, हे मी वर्गात पाहिलंय.

तीन विषय एकत्र का, हे पटत नसेल तर सोयाबीन घ्या. 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि मोंढ्यात सौदा त्याच्या बराच खाली निघत होता. भाव का पडला, हे विचारायला अर्थशास्त्र लागतं: आयात होणारं खाद्यतेल, पेंडीची निर्यात, एकाच महिन्यात येणारी आवक. सरकारी खरेदीत ओलाव्याची 12 टक्क्यांची अट होती. ती विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर, नोव्हेंबरातच 15 टक्क्यांपर्यंत शिथिल कशी झाली, हा राज्यशास्त्राचा प्रश्न. शहरातल्या गरीब बाईला तेल स्वस्त मिळावं की शेतकऱ्याला भाव मिळावा, दोन्ही जमत नसेल तर कुणाचं ऐकायचं आणि कोणत्या न्यायानं, हे तत्त्वज्ञानाकडं जातं. यातला एकच विषय शिकलेला माणूस या भांडणात अर्धवटच बोलतो, आणि आपल्याकडं अशा अर्धवट बोलण्याला तोटा नाही.

अकरावीतच एक गोष्ट करा

लातूर पॅटर्नच्या प्रदेशात कला शाखा घेणं म्हणजे पोरगं नीटमधून घसरलं, असा समज आहे. तो बाजूला ठेवा. कला शाखेतही गणित घेता येतं. बालभारतीचं 'कला व विज्ञान' दोघांसाठीचं गणिताचं पुस्तक त्याचसाठी आहे. बहुतेक कॉलेजं कलेच्या वेळापत्रकात गणित बसवत नाहीत, तेव्हा विज्ञानाच्या वर्गात बसू द्या म्हणून प्राचार्यांकडं लेखी अर्ज करावा लागतो. करा. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्ससाठी बारावीचं गणित लागतं, आणि ते दार एकदा बंद झालं की नंतर ठोठावून उपयोग होत नाही. केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा 13 भाषांत होते, त्यात मराठी आहे. हे आमच्या तालुक्यातल्या निम्म्या मुलांना माहीतच नसतं.

बारावीला तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे दोन वेगळे विषय आहेत. दोन्ही मिळणं मुश्कील. एक निवडायचं झालं तर तर्कशास्त्र घ्या.

कॉलेज निवडताना प्रॉस्पेक्टस घरी ठेवा

मी प्रवेश घेतला त्या कॉलेजच्या प्रॉस्पेक्टसवर तत्त्वज्ञान ठळक अक्षरात छापलेलं होतं. फी भरली, पावती घेतली. तिसऱ्या आठवड्यात कळलं की सर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेत आणि जागा भरलेलीच नाही. क्लार्क म्हणाले, "लोकप्रशासन घ्या, सोपं आहे." घेतलं. तो एक कागद अजून फाइलला आहे.

म्हणून कॉलेजात जाल तेव्हा ऑफिसात आधी जाऊ नका. सेकंड इयरची मुलं कँटीनला किंवा पार्किंगमध्ये असतात, त्यांना गाठा. तत्त्वज्ञानाचा तास खरंच होतो का? शिकवणारे कायम आहेत की सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर? सीएचबीवर असले तर शिकवणं कमी दर्जाचं असतं असं नाही, मी स्वतः तीच आहे. पण नेमणुकीच्या पत्राला उशीर झाला की पहिलं सत्र अर्धं कोरडं जातं, हे धरून चला. वर्गात मुलं किती? आठ-दहाच असतील तर वर्कलोड बसत नाही म्हणून विषय पुढच्या वर्षी बंद पडू शकतो. असं वाटलं तर आणखी चार मित्रांना तो विषय घ्यायला लावा. हे मी गमतीनं म्हणत नाही, आमच्याकडं एक बॅच अशीच वाचली.

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांतली कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडं. आपल्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तिन्ही विषयांचे अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि पेपरांची नावं शेजारी-शेजारी लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढची तीन वर्षं त्यावर उभी राहतात.

क्रेडिटचं गणित आपल्या बाजूनं वळवा

जुन्या बी.ए.त तीन ऐच्छिक विषय असायचे, हिशेब सोपा होता. नवीन शैक्षणिक धोरण 2024-25 पासून संलग्न कॉलेजांतही आलं आणि मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडीचा दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (मोकळ्या निवडीचा विषय), अशी खिचडी झाली. मुलं घाबरतात. मला उलट यात फट दिसते.

मेजर अर्थशास्त्र आणि मायनर राज्यशास्त्र, हा माझा सल्ला. अर्थशास्त्र एकट्यानं घरी बसून शिकणं सगळ्यात अवघड. त्याच्या एम.ए.ला मागचे पेपर आणि गणित पाहतात. राज्यशास्त्राचं वाचन वर्तमानपत्र आणि संविधानाच्या आधारानं पुढं नेता येतं. तत्त्वज्ञानाला मोठी इमारत लागत नाही. हटकणारा एक माणूस आणि भरपूर वेळ लागतो. ज्याला आकड्यांचा खरोखरच कंटाळा आहे त्यानं मेजर-मायनर उलट करावं, पण मग सांख्यिकी सोडू नये.

आता तत्त्वज्ञान कुठून आणायचं? ओपन इलेक्टिव्हमधून घेऊ म्हणाल तर तिथं अडचण आहे. तो विषय मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. मग तिथं तत्त्वज्ञानाचा नाद सोडा आणि विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या टोपलीतलं गणित अथवा सांख्यिकी उचला. बहुतेक मुलं तिथं सोपा म्हणून भलताच विषय घेतात आणि दोन क्रेडिट वाया घालवतात. भारतीय ज्ञान प्रणालीचा पेपर सगळ्यांना असतोच, त्यात न्यायदर्शन आणि बौद्ध तर्क शिकवला जात असेल तर मन लावून करा.

उरलेलं तत्त्वज्ञान तीन वाटांनी येतं. पहिली वाट स्वयम् या सरकारी पोर्टलची. तिथं जानेवारी आणि जुलैत कोर्स सुरू होतात. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात. मात्र कोर्सला नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांकडून क्रेडिट धरले जातील असं लेखी घ्या. तोंडी "हो हो, होईल" यावर विसंबून एका मुलीची परीक्षा-फी आणि चार महिने गेले. दुसरी वाट इग्नूची, म्हणजे दूरशिक्षणाच्या केंद्रीय मुक्त विद्यापीठाची. 2022 पासून एकाच वेळी दोन पदव्या करता येतात. एक कॉलेजात जाऊन, दुसरी दूरशिक्षणातून चालते. इग्नूच्या बी.ए.त तत्त्वज्ञान घेता येतं. पदवी नको असेल तरी त्यांची पाठ्यपुस्तकं ई-ज्ञानकोशावर फुकट आहेत, आणि बाजारातल्या गाइडांपेक्षा कितीतरी सरस आहेत. तिसरी वाट म्हणजे कॉलेजातल्याच तत्त्वज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसणं. परवानगी मागा. मुलं स्वतःहून येऊन बसतात म्हटल्यावर नाही म्हणणारे सर मी अजून पाहिले नाहीत.

फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट या नावाचे क्रेडिट असतात. तिथं झेरॉक्सच्या दुकानातून तयार फाइल घेऊ नका. ते क्रेडिट खाली सांगते त्या वहीच्या कामासाठी राखून ठेवा.

एका प्रश्नाची वही

सगळ्या लेखातलं एवढं एकच करायचं ठरवलंत तरी चालेल. दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर आपल्या भागातला एकच प्रश्न लिहा आणि तीन वर्षं त्यालाच धरून राहा. तीन विषय वेगवेगळ्या तासांना, वेगवेगळ्या सरांकडून येतात. ते आपोआप एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांना बोलतं करायचं काम वही करते. मी माझ्या वहीत लिहिलं होतं: जायकवाडीचं पाणी कुणाचं?

अर्थशास्त्रापासून सुरुवात केली. पैठणच्या नाथसागराची, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाची एकूण क्षमता सुमारे 102 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं वापरता येणारं पाणी साधारण 76 टीएमसी. शहरांचं पिणं, उद्योग आणि शेती असे तीन वाटेकरी. मग प्रश्न सुचत गेले. पाणी कमी असूनही शेतकरी ऊसच का लावतो? कारण उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा किमान दर आहे आणि कारखाना बांधलेला आहे. सोयाबीनला हमीभाव कागदावर असतो, घेणारा नसतो. तेव्हा ऊस लावणारा माणूस मूर्ख नाही, त्याला दिलेल्या भावांत तो शहाणाच वागतोय. प्रोत्साहन हा शब्द पुस्तकात दहा वेळा वाचून कळला नव्हता, तो तिथं कळला. कालव्याच्या तोंडाचा शेतकरी भरपूर घेतो आणि शेपटाकडच्याला उरत नाही. याला बाह्यपरिणाम म्हणतात. पाथरीकडच्या माणसाला हे शिकवायची गरज नाही, फक्त नाव सांगायचं.

राज्यशास्त्राचं पान उघडलं तर मजा वाढली. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाचं तत्त्व आहे. मेंढेगिरी समितीनं त्यासाठी कोष्टक दिलं. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. कागद स्पष्ट आहे. तरी तूट असलेल्या वर्षी नाशिक-नगरमधून याचिका, इकडून मोर्चे, मग कोर्ट आणि मग उशिरानं विसर्ग. का? विधानसभेच्या 288 पैकी मराठवाड्याचे आमदार 46. कायदा असणं आणि तो अमलात आणायची ताकद असणं यांत किती अंतर आहे, ते मोजायला शिका. राज्यशास्त्राच्या पुस्तकात सत्ता आणि अधिमान्यता यांच्या व्याख्या आहेत. त्या पाठ करण्यापेक्षा कोणत्या वर्षी पाणी कधी सुटलं, ती यादी करा.

तिसरं पान सर्वांत जड गेलं. वरचे म्हणतात, पाऊस आमच्या डोंगरावर पडतो, धरणं आमच्या जमिनी बुडवून झाली. हा हक्काचा युक्तिवाद आहे आणि तो चिल्लर नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकनंही श्रम मिसळून मिळणारी मालकी मानली, पण इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे, ही अट घातली. ती अट दुष्काळात टिकते का? उपयुक्ततावादी म्हणेल, एक टीएमसी जिथं सर्वांत जास्त सुख देईल तिथं सोडा. मग जायकवाडीतून बाष्पीभवनात जाणाऱ्या पाण्याचा हिशेब आपल्या विरोधात जातो, ते प्रामाणिकपणे लिहा. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सनं 1971 साली एक युक्ती सुचवली. आपण समाजात कोणत्या जागी जन्माला येणार हे माहीत नाही असं समजून नियम ठरवायचे. तुमचा जन्म निफाडला होणार की पाथरीला, हे ठाऊक नसेल तर वाटपाचा कोणता नियम मान्य कराल? मी हे वर्गात विचारते. पहिली पाच मिनिटं सगळे मराठवाडी असतात. नंतर एखादी मुलगी हळूच म्हणते, "मॅडम, निफाडला द्राक्षाची बाग कर्ज काढून लावलेली असेल तर?" तास तिथून सुरू होतो.

पाण्यात रस नसेल तर दुसरा प्रश्न सुचवते: अनुशेष म्हणजे काय? राज्यपातळीवरचा असमतोल मोजायला 1983 साली वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, 1984 ला अहवाल आला. तिनं प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढली आणि जिल्हा त्याखाली किती, तो अनुशेष धरला. सरासरी काढणं हे अंकगणित. सरासरीपर्यंत प्रत्येकाला आणलंच पाहिजे, हा नैतिक दावा; तो आकड्यातून निघत नाही, बाहेरून आणावा लागतो. मोजमापाचं एकक जिल्हा धरायचं की तालुका, यावर पुढं केळकर समितीच्या वेळी पुन्हा वाद झाला. ते भरून काढायचं बळ संविधानाच्या कलम 371 (2) खालच्या विकास मंडळांना होतं का, हे राज्यशास्त्र. मंडळं 1994 ला आली आणि 2020 ला त्यांची मुदत संपली. एका शब्दात तिन्ही विषय असे बसलेले असतात. ऊसतोडीची उचल घ्या, वसतिगृहातला प्रवेश घ्या, गावातल्या गायरानाचा वाद घ्या, चालतं. प्रश्न इतका जवळचा हवा की मामाच्या गावाला गेलात तरी एक नोंद होईल.

माहिती कुठून आणायची? राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या वेळी मराठीत येते. त्याहून उपयोगी 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन'. तुमच्या तालुक्याचे पिकांपासून दवाखान्यांपर्यंतचे आकडे त्यात असतात. जिल्ह्याच्या सांख्यिकी कार्यालयात जाऊन मागा, साहेब चहा पाजतात, कारण ते मागायला कुणी येतच नाही. आपल्या ग्रामपंचायतीचा खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिसतो. तो छापून ग्रामसभेला जा आणि फक्त ऐकत बसा.

गणिताची भीती, सहा महिन्यांत

बारावीला गणित नसेल तर पहिल्या वर्षीच रोज पाऊण तास. आलेख आणि उतार, एकसामयिक समीकरणं, लॉगॅरिदम, मग विकलन. दुसरीकडं सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध. एवढं पुरतं. एनसीईआरटीची अकरावीची सांख्यिकीची आणि बारावीची सूक्ष्म अर्थशास्त्राची पुस्तकं पातळ आहेत, फुकट आहेत.

विकलनाला घाबरू नका. हरभऱ्याला पहिलं पाणी दिलं की उतारा चांगला वाढतो. दुसऱ्यानं थोडा वाढतो. तिसऱ्यानं हरभरा नुसता माजतो, घाटे धरत नाही. 'आणखी एका पाण्यानं किती वाढलं' हा प्रश्न म्हणजेच सीमांत उत्पादन, आणि त्याला चिन्हात लिहिलं की विकलन. तुमच्या आजोबांना हे येत होतं, चिन्ह तेवढं नवीन.

मराठीत वाचायचं की इंग्रजीत

दोन्हीत, पण क्रमानं. एखादी कल्पना आधी मराठी विश्वकोशात वाचा. तो ऑनलाइन आहे आणि जुन्या नोंदी अतिशय काळजीनं लिहिलेल्या आहेत. मग तेच इंग्रजीत. वहीच्या मागच्या बाजूनं दोन रकाने आखा: एकीकडं इंग्रजी संज्ञा, दुसरीकडं मराठी. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश इंटरनेटवर शोधता येतात. तिसऱ्या वर्षापर्यंत माझ्या यादीत चारशेच्या आसपास शब्द झाले. 'जस्टिस' आणि 'फेअरनेस' या दोघांना मराठीत 'न्याय'च लिहून चालत नाही, हे त्या यादीमुळंच ध्यानात आलं. तीन दिवस मी त्या एका शब्दावर अडले होते. ते तीन दिवस वाया गेले असं वाटत नाही.

मूळ ग्रंथ एका वर्षात एकच वाचा, पण पूर्ण. आणि ॲडम स्मिथ हा ग्लासगोत नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता, हे विसरू नका. बाजारावरच्या 1776 च्या ग्रंथाआधी 1759 ला त्यानं माणसाच्या सहानुभूतीवर ग्रंथ लिहिला होता. तीन विषयांच्या भिंती नंतर बांधल्या गेल्या.

दर पंधरवड्याला एक निबंध

आपल्या परीक्षा मुद्दे मागतात: व्याख्या, वैशिष्ट्ये, गुण, दोष, समारोप. मार्क पडतात, विचार होत नाही. म्हणून परीक्षेचं उत्तर वेगळं लिहा आणि हा निबंध वेगळा. हजार शब्द, एकच दावा. त्याच्या विरोधातला सर्वांत तगडा युक्तिवाद असा मांडा की विरोधकानं वाचून "हो, हेच म्हणायचं होतं मला" म्हणावं. मग उत्तर द्या. आपल्याकडं याला पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष म्हणतात, ही पद्धत कुणी बाहेरून आणलेली नाही. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचं उदाहरण घ्या. ते शिकवायचे मराठी, पण लिहिलं मनुस्मृतीवर, राजकारणावर, सौंदर्यशास्त्रावर. त्यांचा कोणताही दीर्घ लेख घेऊन फक्त एवढंच पाहा, की स्वतःचं म्हणणं सांगण्याआधी ते समोरच्याला किती जागा देतात.

निबंध तपासणार कोण? सरांना वेळ नसतो. तिघं मित्र जमवा, त्यातला एक तरी तुमच्या मताच्या पूर्ण विरुद्ध असू द्या. जातीवर, आरक्षणावर, नामांतरावर बोलताना आपल्याकडं आवाज लगेच चढतो. आमचा एक नियम होता: समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं परत सांगितल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. पहिल्या महिन्यात दोनदा भांडणं झाली, एकदा चहाचा कप फुटला. नंतर बसलं.

पैसे

थोडक्यात. महाडीबीटी या शिष्यवृत्त्यांच्या सरकारी पोर्टलवर अर्ज वेळेत भरा, उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा, जूनमध्ये तहसीलला रांग लागते. बाहेरगावी राहून शिकत असाल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार, अनुसूचित जमातीसाठी स्वयम् (वरच्या पोर्टलशी हिचा संबंध नाही), ओबीसींसाठी आधार, इतरांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. बँकखातं आधार कार्डाशी जोडलेलं नसेल तर मंजूर झालेला हप्ताही अडकतो. पदव्युत्तर शिक्षणाला परदेशी जायचं असेल तर अनुसूचित जातीसाठी राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची तयारी तिसऱ्या वर्षात सुरू करा.

यातून पुढं काय

घरी हा प्रश्न येणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर राज्यकारभाराचा, तिसऱ्यात अर्थव्यवस्था, चौथा नीतिशास्त्राचा, प्रत्येकी 250 गुण. म्हणजे तुमचे तिन्ही विषय तिथं बसलेलेच आहेत, आणि उत्तरं मराठीतही लिहिता येतात. पण केवळ त्यासाठी हे करू नका. अभ्यासिकेत सहा-सहा वर्षं बसलेली हुशार पोरं मी पाहिलीत. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. या विषयांना फार चांगलं जुळतं. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं आवार आहे, ग्रामविकासाकडं ओढा असेल तर तिकडं पाहा. पुण्यात 1930 पासूनची गोखले अर्थशास्त्र संस्था आहे, तिचं इंग्रजी नावच राजकारण आणि अर्थकारण दोन्ही घेऊन येतं. पत्रकारिता, आमदार-खासदारांसाठी संशोधन, मुख्यमंत्री फेलोशिप, स्वयंसेवी संस्थांची मूल्यमापनाची कामं, हेही आहे. संशोधनात जायचं तर चौथं वर्ष करा. चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर थेट पीएच.डी.साठी पात्र होता येतं.

एम.ए.च्या मुलाखतीला जाताना गुणपत्रिकांच्या फाइलबरोबर ती वहीही न्या. माझ्या मुलाखतीत पहिले दोन प्रश्न मागणीच्या लवचिकतेवर आले, दुसऱ्यात मी अडखळले. मग एका सरांनी हात पुढं करून वही मागितली, मधलंच पान उघडलं आणि विचारलं, "हे 65 टक्के कुणी ठरवले, आणि 60 का नाहीत?" पुढची वीस मिनिटं आम्ही तेच बोलत होतो.